सहावी-सातवीच्या मुलांशी बोलताना

(शाळकरी मुलांच्या मुलाखती घेण्यासाठी निघालेले पालक, शिक्षक आणि कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



घरी पाहुणे आले की सहावी-सातवीतल्या मुलाला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. कितवीत आहेस, किती टक्के मिळाले आणि मोठेपणी कोण होणार? तिन्हींची उत्तरे मुलाला पाठ असतात. ती देऊन तो नमस्कार करतो आणि आतल्या खोलीत निघून जातो. पाहुण्यांना मुलगा चुणचुणीत वाटतो, आईवडिलांना धन्य वाटते. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान 220 दिवस आणि 1000 तासांचे अध्यापन ठरवून दिले आहे. ते हजार तास जिथे जातात त्या शाळेविषयी मुलाला काय वाटते, हा विषय मात्र त्या संभाषणात कुठेच निघत नाही.

अकरा ते चौदा या वयाची एक विचित्र अडचण आहे. बालवाडीतले मूल बोलले तर सगळे घर कौतुकाने ऐकते. दहावीतल्या मुलाकडे परीक्षेमुळे सर्वांचे लक्ष असते. मधली तीन-चार वर्षे मूल कोणाच्याच नजरेत नसते. आवाज फुटू लागतो, मुलींच्या शरीरात बदल होतात, मित्रांचे मत आईच्या मतापेक्षा मोठे वाटू लागते आणि नेमके याच काळात घरातले संभाषण ‘जेवलास का, गृहपाठ झाला का’ एवढ्यावर येऊन ठेपते.

शाळा सुटण्याची सुरुवातही बहुधा इथेच होते. महाराष्ट्रात पूर्वापार पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी रचना चालत आली. लहान गावात जिल्हा परिषदेची शाळा चौथीला किंवा सातवीला संपते आणि पुढच्या वर्गासाठी मुलाला दुसऱ्या गावी जावे लागते. नियमाने सहावी ते आठवीच्या शाळेसाठी तीन किलोमीटरचे अंतर मान्य केले आहे. नकाशावर तीन किलोमीटर फार नाहीत. पावसाळ्यात ओढा असेल, वाटेत वस्ती नसेल आणि जाणारी एकटी मुलगी असेल तर तेच अंतर शिक्षणाचा शेवट ठरू शकते. मूल शाळा सोडते ते एका दिवसात नव्हे. आधी सोमवार बुडतो, मग बाजाराचा दिवस, मग परीक्षेचा आठवडा. हजेरीपत्रकात केवळ ‘गैरहजर’ अशी नोंद राहते. कारणाचा रकाना तिथे नसतो. ते कारण फक्त त्या मुलाला ठाऊक असते आणि त्याला कोणी विचारलेले नसते.

जे मूल रोज येते त्याचे सर्व ठीक आहे असेही समजण्याचे कारण नाही. ‘असर’च्या 2022 च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील आठवीच्या मुलांपैकी सुमारे 70 टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. उरलेली मुले वर्गात बसत होती, हजेरी देत होती आणि समोरच्या फळ्यावरचे बरेचसे त्यांना लागत नव्हते. अशा मुलाच्या प्रगतिपुस्तकावर अनेकदा ‘शांत आहे’ असा शेरा असतो! दप्तराच्या ओझ्याचा प्रश्न ख्यातनाम लेखक आर. के. नारायण यांनी 1989 मध्ये राज्यसभेत मांडला होता. पुढे प्रा. यशपाल यांच्या समितीने 1993 मध्ये अहवाल दिला आणि दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक घातक आहे, या मुद्द्यावर बोट ठेवले. दप्तर ताजव्यात घालून तोलता येते. न समजण्याचे ओझे तोलण्यासाठी मुलाशी बोलावेच लागते.

विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याची परंपरा आपल्याकडे प्राचीन आहे. छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबाल हारिद्रुमत गौतमांकडे विद्येसाठी गेला तेव्हा गुरूंनी त्याला गोत्र विचारले. मुलाने घरून निघतानाच आईला ते विचारले होते. तरुणपणी अनेक ठिकाणी सेवा करताना तू मला झालास, तुझे गोत्र मला माहीत नाही, असे जाबालेने सांगितले होते. मुलाने तेच, एक शब्द न लपवता, गुरूंना सांगितले. या कथेत सत्यकामाच्या सत्यनिष्ठेचे गुणगान नेहमी होते आणि ते योग्यच आहे. गौतमांकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. त्या उत्तरावर त्यांची भुवई उंचावली असती, सभोवतालच्या शिष्यांत कुजबुज झाली असती आणि त्यांनी ती होऊ दिली असती, तर पुढच्या मुलाने खोटे गोत्र सांगितले असते. गौतमांनी त्याला समिधा आणायला सांगितले, कारण तो सत्यापासून ढळला नव्हता. खरे उत्तर देणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली नाही. मुलाखतीला निघणाऱ्याने गौतमांची ही भूमिका आधी समजून घेतली पाहिजे.

प्रश्न कसा विचारावा याचा शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकात झाला. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे 1920 च्या सुमारास पॅरिसमध्ये बुद्धिमापन चाचण्यांचे काम करत होते. मुलांची बरोबर उत्तरे मोजणे हे त्यांचे काम, पण त्यांना कुतूहल वाटले ते चुकीच्या उत्तरांचे. मूल चुकते तेव्हा ते कसा विचार करत असते, हे जाणण्यासाठी त्यांनी ठरावीक प्रश्नावली बाजूला ठेवून मुलांशी मोकळे बोलण्याची पद्धत विकसित केली आणि 1926 च्या ग्रंथात मुलांकडून मिळणाऱ्या उत्तरांचे पाच प्रकार सांगितले. पहिला प्रकार, प्रश्नात रस नसल्यामुळे सुटका करून घेण्यासाठी दिलेले कसेबसे उत्तर. दुसरा, विचारणाऱ्याला रंगवून सांगितलेली गोष्ट. तिसरा, विचारणाऱ्याला काय हवे हे ओळखून दिलेले उत्तर. चौथा, प्रश्न नवा असला तरी मुलाने स्वतः विचार करून काढलेले उत्तर. आणि पाचवा, प्रश्नापूर्वीच मुलाच्या मनात तयार असलेले आणि संधी मिळताच बाहेर पडलेले. पियाजेंचा विषय वेगळा होता. सूर्य का चालतो, स्वप्न कुठून येते असे ते विचारत. परंतु ही वर्गवारी शाळेविषयीच्या मुलाखतीला जशीच्या तशी लागू पडते.

यातील तिसऱ्या प्रकाराचा धोका सुशिक्षित, संस्कारी म्हणवणाऱ्या घरांत सर्वांत अधिक आहे, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. अशा घरातल्या बारा वर्षांच्या मुलाला मोठ्यांना काय ऐकायचे आहे ते पक्के कळलेले असते. शाळा आवडते का? आवडते. शिक्षक? चांगले आहेत. मोठेपणी काय करणार? देशसेवा. यातले एकही वाक्य खोटे असेलच असे नाही; पण ते मुलाचे आहे की मोठ्यांचेच परत आलेले आहे, हे कळायला मार्ग राहत नाही. असे उत्तर मिळाले की कार्यकर्त्याला समाधान वाटते आणि वहीत टिपण होते. त्या समाधानापासून सावध राहिलेले बरे. ज्या घरात मूल ‘मला शाळेची भीती वाटते’ असे म्हणू शकते, त्या घरातील संस्कार अधिक खोल आहेत असे मानायला हरकत नाही.

मग विचारावे कसे? ‘शाळा आवडते का’ हा प्रश्न टाळावा. त्याचे उत्तर हो किंवा नाही एवढेच असते आणि ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य थोड्यांकडे असते. त्यापेक्षा कालचा दिवस विचारावा. सकाळी उठल्यापासून काय काय झाले, शाळेत कसा गेलास, सोबत कोण होते, कुठल्या बाकावर बसलास, मधल्या सुट्टीत कुठे होतास, डबा कोणाबरोबर खाल्लास? मुलाला मते विचारली की ते गोंधळते. घडलेले विचारले की ते बोलते आणि बोलता बोलता मतही येऊन जाते. ‘गणिताच्या तासाला मी पाणी प्यायला जातो’ या एका वाक्यात गणिताविषयी जेवढे कळते तेवढे दहा प्रश्नांच्या छापील तक्त्यातून कळत नाही.

जागेलाही महत्त्व आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत मूल मुख्याध्यापकांसाठी बोलते आणि स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत आईसाठी. व्हरांडा, झाडाचा पार, मैदानाची कड अशी जागा असावी. सर्वांना दिसावी, पण बोलणे कोणाच्या कानी पडू नये. टेबलाच्या पलीकडे बसू नये, सतरंजीवर शेजारी बसावे. दोन मित्रांना एकत्र बसवले तर लाजरे मूलही खुलते. मात्र वर्गातला दादा आणि त्याला भिणारा मुलगा एका जोडीत येणार नाहीत याची काळजी घ्यावी. वही लगेच उघडू नये. आणि मूल गप्प बसले तर गप्प बसू द्यावे. मोठ्यांना शांतता सहन होत नाही, ते लगेच उत्तर सुचवतात आणि मूल सुटकेचा श्वास टाकून ‘हो’ म्हणते.

भाषेची गोष्ट तर विशेष जपण्यासारखी. मूल वऱ्हाडीत बोलेल, अहिराणीत बोलेल, मेळघाटात कोरकूत बोलेल. ‘व्हतं’ म्हणणाऱ्याला ‘होतं म्हण’ असे सुधारले की मुलाखत तिथेच संपते, पुढे उरते ती तोंडी परीक्षा. शुद्ध भाषेचा आग्रह धरायला वर्षाचे उरलेले दिवस आहेत.

अशा बोलण्यातून ज्या गोष्टी निघतात त्या बहुधा अभ्यासक्रमाच्या नसतात. बाकावरचा शेजारी बदलला, टोपणनावाने चिडवतात, सरांनी सर्वांसमोर वडिलांच्या व्यवसायाचा उल्लेख केला, चुलत भावाचे गुण रोज ऐकावे लागतात. मुली स्वच्छतागृहाविषयी बोलतात, तेही बाईंनी विचारले तरच. 2014 ते 2015 या वर्षात ‘स्वच्छ विद्यालय’ मोहिमेत देशभरात चार लाखांहून अधिक शौचालये बांधली किंवा दुरुस्त केली गेली. ते मोठेच काम. परंतु दाराला कडी लागते का, आत पाणी असते का, किल्ली कोणाकडे असते आणि ती मागताना लाज वाटते का, हे आकडेवारीत येत नाही. सकाळपासून पाणी न पिता शाळेत बसणारी मुलगी ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खात असेल, तर ते तिनेच सांगितल्याशिवाय कळणार कसे?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचे उदाहरण घ्यावे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेले आईवडील कारखान्याच्या वाटेला लागतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. मूल कधी आजीजवळ राहते, कधी हंगामी वसतिगृहात, तर कधी त्यांच्याबरोबर जाऊन फडाजवळच्या कोपीत राहते आणि धाकट्या भावंडाला सांभाळते. शाळेच्या दफ्तरी ते ‘अनियमित’ असते. वस्तुतः त्याचे वर्ष अतिशय नियमित आहे, फक्त ते शाळेच्या वर्षाशी जुळत नाही. अशा मुलाला ‘घरी कोण कोण असते’ हा साधा प्रश्नही डिसेंबरमध्ये रडवू शकतो. तिथे फडावरच्या कामापासून सुरुवात करावी. मोळी कशी बांधतात, वाढे कुठे विकतात, गाडी किती वाजता भरतात, हे त्याला शिकवता येते. आणि जिथे मूल शिकवणारे होते तिथे ते मोकळे होते.

काही उत्तरे अशी येतील की ती वहीत ठेवून चालणार नाही. मारहाण आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने बंदी आहे. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. म्हणून ‘तू सांगशील ते कोणालाच कळणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये. ‘तुझे नाव मी सांगत फिरणार नाही, पण तुला कोणी इजा करत असेल तर मदत करणाऱ्या माणसाला सांगावे लागेल’ हे आरंभीच, साध्या शब्दांत सांगावे. 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांकही त्याच वेळी द्यावा. काही मुले त्यानंतर कमी बोलतील. तरीही ते आधी सांगणेच योग्य.

शिक्षकांविषयी एक शब्द. मुलांची गाऱ्हाणी गोळा करून शिक्षकांना कोंडीत पकडणे हा या कामाचा हेतू झाला तर दुसऱ्या वर्षी शाळेचे दार उघडणार नाही, आणि ते न उघडणे रास्त ठरेल. दोन-दोन वर्ग एका खोलीत सांभाळणाऱ्या, निवडणूक आणि जनगणनेच्या कामाला जुंपल्या जाणाऱ्या शिक्षकालाही कालचा दिवस विचारावा. मुलाचा दिवस आणि त्याचा दिवस शेजारी ठेवून वाचले की पुष्कळसा राग ओसरतो. कडी, नळ, बाकांची फेरबदल, टोपणनावे यांसारख्या गोष्टी मुलांची नावे न घेता त्याच आठवड्यात शाळेशी बोलून मार्गी लावता येतात. रस्ता, बस, वसतिगृह यांना वेळ लागतो, त्यासाठी ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्याकडे पाठपुरावा करावा लागतो.

मुलाखतीच्या शेवटी ‘तुला काही विचारायचे आहे का’ असे विचारावे आणि उठण्याची घाई करू नये. त्यावर ‘तुम्ही परत कधी येणार’ असे मूल विचारू शकते. त्याचे उत्तर, महिना आणि वारासह, शाळेत पाऊल टाकण्याआधीच ठरलेले असावे.