शितावरून यकृताची परीक्षा
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य-व्याख्यानात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, कापडाचा व्यापारी आहे. तरीही यकृताच्या बायोप्सीविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे, कारण या विषयातील अज्ञान आमच्या घराला फार महाग पडले.

माझ्या ज्येष्ठ बंधूंना मधुमेह होता. मद्याचा थेंबही त्यांना ठाऊक नव्हता. आपल्या घरांत मद्य नाही, म्हणून यकृताचा विकार आपल्याकडे फिरकणार नाही, अशी आपली समजूत असते. परंतु मधुमेह, वाढलेले वजन आणि दिवसभर गादीवर बसून केलेला व्यापार यांमुळेही यकृतात चरबी साचते. पुढे काहींच्या यकृतात तंतू धरू लागतात. त्यालाच फायब्रोसिस म्हणतात, आणि त्याची अखेरची पायरी म्हणजे सिरॉसिस.

बंधूंची बायोप्सी झाली. दोष सौम्य असल्याचा अहवाल आला. मी घरी पेढे वाटले आणि त्यांना म्हणालो, "दादा, आता तपासण्या पुरे." चार वर्षांनी त्यांच्या पोटात पाणी झाले, तेव्हा सिरॉसिसचे निदान झाले. त्यातून ते उठले नाहीत. रोग नंतर झपाट्याने वाढला, की पहिल्या वेळी तो सुईला गवसलाच नाही, हे आज कोणीही सांगू शकणार नाही. पण एका चिठ्ठीला अखेरचा निकाल मानण्याची चूक मात्र माझीच होती.

आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. ती खरी ठरते, कारण पातेल्यातला भात सारखा शिजलेला असतो. यकृताचे तसे नाही. प्रौढ माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असते आणि सुईने निघणारा तुकडा त्याच्या साधारण ५०,०००व्या हिश्श्याइतका. रोग मात्र सर्वत्र सारखा पसरलेला नसतो.

अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेपेटायटिस सी झालेल्या १२४ रुग्णांच्या यकृताच्या उजव्या व डाव्या अशा दोन्ही भागांतून तुकडे घेतले गेले. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत दोन्हींचे निष्कर्ष फायब्रोसिसच्या किमान एका पायरीने भिन्न निघाले. फ्रान्समधील २००५ च्या अभ्यासात चरबीयुक्त यकृताच्या ५१ रुग्णांचे प्रत्येकी दोन तुकडे तपासले गेले. एका तुकड्यात गंभीर फायब्रोसिस दिसलेल्या १७ जणांपैकी ६ जणांच्या दुसऱ्या तुकड्यात तो सौम्य होता किंवा नव्हताच.

भिवंडीचा माल घेताना मी कधीही नुसत्या नमुन्यावर पैसे मोजले नाहीत. तागा उलगडायचा, उजेडासमोर धरायचा आणि मगच भाव बोलायचा. दुकानात चाळीस वर्षे पाळलेला हा नियम मी इस्पितळाच्या दारात विसरलो.

मग बायोप्सी निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. तिने सांगितलेले सत्यच असते, पण ते त्या तुकड्यापुरते सत्य. आपल्या परिभाषेत तो एक नय आहे. एका नयाला संपूर्ण मानणे हाच एकांत.

याचे उत्तम उदाहरण आपल्या पुण्याचे आहे. पूर्वी लहान मुलांना यकृताचा एक जीवघेणा विकार होत असे. त्यांच्या यकृताच्या तुकड्यांत तांबे साठलेले दिसे. पण ते आले कोठून, हे सुई सांगू शकत नव्हती. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी घरोघरच्या दुधाची चौकशी केली. बाळांचे दूध कल्हई नसलेल्या पितळी भांड्यांत तापवले व ठेवले जाई, हे त्यांच्या संशोधनातून १९८० च्या दशकात पुढे आले. पुढे भांडी बदलली आणि तो आजार विरळ झाला. सुईची साक्ष आणि स्वयंपाकघराची साक्ष एकत्र आली, तेव्हा कोडे उलगडले.

म्हणून डॉक्टरांना नम्रपणे विचारावे: तुकडा पुरेसा लांब होता काय? तो निदान दोन सेंटिमीटर असावा, असे तज्ज्ञ सांगतात. रक्ततपासण्या, सोनोग्राफी आणि फायब्रोस्कॅन त्याच्याशी जुळतात काय? फायब्रोस्कॅन यकृताचा कडकपणा मोजतो आणि बायोप्सीच्या किमान शंभरपट भाग पाहतो. मात्र स्थूलपणा किंवा नुकतेच झालेले जेवण त्यालाही चकवू शकते. साक्षी जुळत नसतील, तर पुन्हा तपासावे. अहवाल सौम्य आला तरी पुढील तपासणीची तारीख ठरवूनच दवाखान्यातून उठावे.

अनेकांत आपण व्याख्यानांत ऐकतो. तो अहवाल वाचतानाही आठवावा, एवढीच विनंती. ही गोष्ट मी दादांच्या हयातीत शिकलो नाही. आपण तरी वेळीच शिकावी.

बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.