एक पान, आपल्या नावाचं

(लेखन-शिबिराच्या समारोपात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दोन दिवस आपण एकमेकींचं ऐकलं, थोडंफार लिहिलंही. आता ज्यांची तयारी आहे त्यांनी दर महिन्याला स्वतःचं एक पान काढायचं ठरवलं आहे. एक कागद, एकच लेखिका. झेरॉक्स काढून वस्तीत, बचतगटात, ओळखीच्या बायकांत वाटायचं आणि एक प्रत केंद्राच्या फलकावर लावायची. संपादक नाही आणि हे छापा, ते छापू नका असं सांगणारंही कुणी नाही. त्यामुळे मोकळीक आहे, पण जबाबदारीही सगळी आपलीच. पुढच्या महिन्यात पहिलं पान लिहायला बसाल तेव्हा उपयोगी पडेल, एवढंच मी आज बोलणार आहे.

आधी एका प्रश्नाचं बघू. कालपासून तो तीन-चारदा आला. 'माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय आहे?' हा प्रश्न पुरुषांना फारसा पडत नाही. तो आपल्याला पडतो याचं कारण आपलं काम, आपलं दुखणं, आपला राग हे सगळं 'घरातलं' म्हणून बाजूला ठेवायची सवय आपल्याला लावली गेली आहे. ही सवय ज्यांनी मोडली त्यांच्यामुळेच आपल्याला बरंच काही कळलं. 1855 साली मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदया'त छापून आला म्हणून आज आपण तो वाचू शकतो. फलटणच्या बेबीताई कांबळे आपल्या किराणा दुकानात बसून लिहायच्या आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. वर्षानुवर्षं ते तसंच दडलेलं होतं. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपानं आलं ते 1986 साली. लिहायला त्यांना स्वतंत्र खोली नव्हती, की कुणाची परवानगी नव्हती.

आता कामाच्या गोष्टी.

पहिली गोष्ट, कशावर लिहायचं. 'स्त्रियांवरील अत्याचार हा समाजाला लागलेला कलंक आहे' असं वाक्य लिहून बघा. त्यात तुम्ही कुठेच नाही. ते कुणीही लिहू शकतं, आणि वाचणारी मान डोलावून पान बाजूला ठेवते. त्याऐवजी नळाला पहाटे चारला पाणी येतं, त्यासाठी घरातलं कोण उठतं आणि कोण झोपून राहतं, तेवढंच लिहा. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून तुमचं नाव आहे, पण कार्ड कुणाच्या खिशात असतं ते लिहा. एका पानाला एकच गोष्ट. सगळा जन्म एका पानात कोंबायला गेलात तर दुसऱ्या महिन्यात लिहायला काही उरणार नाही.

एक वही कायम जवळ ठेवा. बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत काही सुचलं की दोन शब्द टिपून ठेवा. 'सासू, चष्मा, वीज बिल' एवढं पुरे. संध्याकाळी तेवढ्यावरून आठवतं.

दुसरी गोष्ट भाषेची. घरी बोलता तशीच लिहा. वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडी, मालवणी असेल तर मालवणी. शुद्धलेखनाच्या भीतीनं किती बाया गप्प राहिल्या असतील, त्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. लक्ष्मीबाई टिळक घरातच लिहायला-वाचायला शिकल्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' आजही लोक आवडीनं वाचतात ते त्यातल्या बोलण्यासारख्या भाषेसाठीच. ऱ्हस्व-दीर्घ मागाहून कुणाकडून तपासून घेता येतं. लिहून झालं की मोठ्यानं वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य मोडून दोन करा. जिला वाचता येत नाही अशा शेजारणीला ऐकवा. तिला कंटाळा आला तर तो तिच्या चेहऱ्यावर लगेच दिसतो.

तिसरी गोष्ट नेमाची. पहिलं पान उत्साहात निघतं. दुसरं कसंबसं. तिसऱ्याच्या वेळी मुलाची परीक्षा असते, नणंद माहेरपणाला आलेली असते, आणि पान राहून जातं. एकदा राहिलं की लाज वाटते, आणि लाज वाटली की कायमचं राहतं. म्हणून पहिलं पान वाटण्याआधी तीन पानं लिहून तयार ठेवा. अडचणीचा महिना आला की त्यातलं एक काढायचं. तारीख ठरवून घ्या. समजा दर महिन्याची दहा. वाचणारीलाही मग दहा तारखेची सवय होते. आणि पान छोटंच ठेवा. ए-फोर कागदाची एक बाजू हातानं लिहिली तर साधारण अडीचशे-तीनशे शब्द बसतात. तेवढे खूप झाले. मोठं लिहिण्यापेक्षा चालू ठेवणं जास्त अवघड असतं.

चौथी गोष्ट सगळ्यात नाजूक आहे, तिथे मी जरा थांबते. आपलं आयुष्य आपलं एकटीचं नसतं. त्यात नवरा असतो, मुलं असतात, बहीण असते, विश्वासानं काही सांगून गेलेली मैत्रीण असते. आपण आपल्याबद्दल लिहिताना त्यांच्याबद्दलही लिहीत असतो. त्यासाठी स्वतःला एक साधा प्रश्न विचारायचा: ही गोष्ट माझी आहे, की मला कुणीतरी सांगितलेली? मला मारलं, हे माझं आहे, ते सांगायला मला कुणाची परवानगी नको. धाकट्या बहिणीचा गर्भपात झाला, ही तिची गोष्ट आहे. तिला विचारल्याशिवाय ती माझ्या पानावर यायची नाही, मग माझा हेतू कितीही चांगला असो.

समुपदेशनाला बसणाऱ्या आपणा कार्यकर्त्यांना हे जास्तच लागू आहे. बाई आपल्यासमोर रडते ती मदतीसाठी, आपल्याला मजकूर मिळावा म्हणून नव्हे. नाव बदललं की भागलं, असंही नाही. 'आमच्या गल्लीतली, दोन मुलींची आई, शिवणकाम करणारी' एवढं लिहिलं की गल्लीला नाव लागत नाही.

इथे कायदाही आहे, तो माहीत हवा. बलात्काराला तोंड दिलेल्या बाईची ओळख जाहीर करणं हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम 228-अ खाली होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम 72 खाली येतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. नुसतं नावच नव्हे, ज्यावरून ती ओळखू येईल असा कुठलाही तपशील देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली निपुण सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलं आहे. लहान मुलांच्या बाबतीत 2012 चा पॉक्सो कायदा आणखी कडक आहे. नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, वस्ती यांतलं काहीच नको. कामाच्या जागी लैंगिक छळाची तक्रार झाली असेल तर 2013 च्या कायद्याप्रमाणे तक्रारीतला मजकूर, दोन्ही बाजूंची ओळख आणि चौकशीची माहिती जाहीर करता येत नाही. आणि एखाद्या माणसाचं नाव घेऊन आरोप लिहिलात तर बदनामीचा खटला होऊ शकतो. त्या फौजदारी खटल्यात 'ते खरं आहे' एवढंच पुरत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं.

हे ऐकून घाबरून लेखणी खाली ठेवू नका. कायद्यानं बाईच्या तोंडावर बोट ठेवलेलं नाही. स्वतःची हकीकत स्वतः सांगायचा तिचा हक्क शाबूत आहे. फक्त कोर्टात केस चालू असेल तर पान वाटण्याआधी वकीलताईंना दाखवा. आपलंच एखादं वाक्य उलटतपासणीत समोर येऊ शकतं.

पाचवी गोष्ट सुरक्षिततेची. आपल्यातल्या काहीजणींच्या घरी वही सापडणं म्हणजे मार आहे. त्यांनी घरी लिहू नये. केंद्राच्या कपाटात वही ठेवावी, इथे येऊन लिहावं. घरी मारहाण होत असेल तर दोन वह्या वेगळ्या ठेवा. एक पानासाठी. दुसरीत फक्त तारीख, वेळ, काय झालं, कुणी पाहिलं, कुठल्या दवाखान्यात गेले, एवढंच. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे माहिती द्यायची वेळ आली की या दुसऱ्या वहीचा आधार होतो. ती कुणाला वाटायची नाही.

नाव घालायचं की नाही, हेही ज्या त्या बाईनं ठरवायचं. टोपणनाव घेण्यात भित्रेपणा नाही. पण टोपणनावाआड कायम लपता येईल असंही धरून चालू नका. वस्तीत अक्षर ओळखतात, बोलण्याची ढब ओळखतात. शिवाय हल्ली फलकावरच्या कागदाचा मोबाइलवर फोटो निघतो आणि संध्याकाळपर्यंत तो भावकीत पोचतो. म्हणून एक कसोटी लावा. हे पान उद्या माझ्या दिराच्या हातात पडलं, तर मी आणि माझी मुलं सुरक्षित आहोत का? उत्तर 'हो' असेल तर वाटा. 'नाही' असेल तर लिहा जरूर, पण ठेवून द्या. लिहिलेलं सगळंच वाटलं पाहिजे असा नियम नाही.

शेवटची गोष्ट लोकांच्या बोलण्याची. बोलणार तर आहेतच. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यानंतर वर्तमानपत्रांतून समस्त बायकांना नावं ठेवली जात होती, त्याला ते उत्तर होतं. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुल्यांनी 'सत्सारा'त त्यांची बाजू घेतली. पण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्यापर्यंत आलेलं नाही. मला वाटतं, लिहिणाऱ्या बाईला एक जोतीराव पुरत नाहीत, आजूबाजूला दहा मैत्रिणी लागतात. म्हणून माझी विनंती आहे की कुणीही एकटीनं पान काढू नये. तिघी-तिघींचे गट करा. वाटण्याआधी दोघींनी वाचायचं. ओळख पटेल असं काही राहिलंय का, एवढंच बघायचं. मजकूर 'सुधारायचा' नाही. आणि कुणी दारात येऊन तमाशा केला तर तिघींनी मिळून समोर जायचं.

मनापासून प्रश्न विचारणारीला उत्तर द्या, पुढच्या पानावर तिच्या म्हणण्याला जागा द्या. नुसतं टोचणाऱ्याला उत्तर द्यायला आपण बांधलेल्या नाही. अन् एखादी बाई पान वाचून हळूच म्हणाली, 'माझ्याकडेही असंच आहे', तर त्या दिवशी लिहिणं थांबवून तिच्याजवळ बसा. आपण पान काढतो ते त्यासाठीच.

प्रत्येक पानाची एक प्रत तारीख घालून केंद्राच्या फायलीत द्या. आमच्या आज्यांनी काय सोसलं, काय मागितलं याचे कागद शोधताना दमछाक होते, कारण ते कुणी ठेवलेच नाहीत. आपल्या नातींची तरी ही दमछाक वाचवू या.

चहा यायला अजून दहा मिनिटं आहेत. वह्या उघडा. आज सकाळी घरातून निघताना कुणाला काय सांगून निघालात, तेवढंच लिहा. पाच ओळी पुरेत.