संधी करा, पण विग्रहाची सोय ठेवा



संयोजकांनी मला विषय दिलाय, "तू ऑफिसात नेमकं काय करतोस ते सगळ्यांना कळेल असं सांग." मी संगणकाच्या अगदी आतल्या थरातले प्रोग्रॅम लिहितो. त्यासाठी 'सी' आणि 'रस्ट' या भाषा वापरतो. त्यातली एकच गोष्ट आज सांगतो, कारण तिची ओळख आपल्याला व्याकरणाच्या तासालाच झाली आहे. ती म्हणजे संधी.

प्रोग्रॅममधल्या प्रत्येक कामाला नाव द्यावं लागतं. पुष्कळ नावं एकाच ठेवणीची असतात: वाचा_रंग, बदला_रंग, वाचा_आकार, बदला_आकार. ती पुन्हापुन्हा टंकण्यापेक्षा आम्ही एक साचा करतो. त्याला मॅक्रो म्हणतात. त्यात 'रंग' घातला की पुढची नावं त्यानं स्वतःच जोडून तयार करायची.

सीमध्ये पूर्वी यासाठी एक युक्ती चाले. दोन शब्दांच्या मध्ये रिकामी टिप्पणी लिहायची. काही जुने प्रीप्रोसेसर ती पुसून टाकत आणि शब्द चिकटत. १९८९ च्या प्रमाणित सीमध्ये टिप्पणीच्या जागी मोकळी जागा धरायचं ठरलं आणि जोडण्यासाठी ## हे वेगळं चिन्ह आलं.

सोय उत्तम, पण तिची किंमत असते. लिनक्सचं उदाहरण घ्या. फाईल वाचण्याचं त्यातलं फंक्शन 'सिस_रीड' या नावानं ओळखलं जातं. ते प्रत्यक्ष कुठे लिहिलंय म्हणून हे नाव शोधलंत, तर उल्लेख सापडतील, मूळ जागा सापडणार नाही. कारण तिथे 'सिस्कॉल_डिफाइन३' या मॅक्रोच्या कंसात नुसतं 'रीड' लिहिलेलं आहे. 'सिस' मागाहून चिकटतो. 'जगन्नाथ' शब्दात 'जगत्' शोधण्यासारखंच हे.

रस्टनं इथे हात आखडता घेतला. २०१५ साली तिची पहिली स्थिर आवृत्ती आली, तेव्हा नावं जोडणारा 'कॉनकॅट_आयडेंट्स' हा मॅक्रो प्रायोगिक विभागातच ठेवला होता. त्यानं आधीपासून असलेल्या फंक्शनला हाक मारता येई, पण नव्या फंक्शनचं बारसं करता येत नसे. तो कधीच स्थिर झाला नाही, आणि २०२५ मध्ये काढूनच टाकला. दरम्यान लोक 'पेस्ट' नावाची बाहेरची लायब्ररी वापरू लागले. तिच्यात जोडायचे तुकडे [< >] अशा कंसात लिहितात. निदान इथे सांधा आहे, हे वाचणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा नावाचं काय घेऊन बसलास? रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडतो. पडद्यावर एका फंक्शनचं नाव येतं. कामावर महिन्यापूर्वी लागलेली मुलगी ते नाव सगळ्या फाईलींत शोधते आणि ते कुठेच नसतं. ज्यानं साचा केला तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. त्याची वाचलेली दहा मिनिटं ती आता तासांनी फेडत असते.

विग्रहाची साधनं आहेत. जीसीसीला '-ई' सांगितलं, किंवा रस्टमध्ये 'कार्गो एक्सपांड' चालवलं, की साच्यातून निघालेला सगळा मजकूर उलगडून दिसतो. पण ते चालवायचं हे आधी सुचायला हवं! म्हणून आमच्या गटात मी दोन गोष्टींचा आग्रह धरतो. नावं मोजकी असतील तर ती मॅक्रोला पूर्णच लिहून द्यावीत. जोडावीच लागली, तर वरच्या टिप्पणीत तयार होणारी पूर्ण नावं लिहावीत. चार ओळी जास्त होतात, होऊ देत.

आपल्या पेपरात संधी सोडवल्यावर गुण मिळत, ते दोन्ही पदं वेगळी करून दाखवली तरच. मोठेपणी माझ्या कामात तो नियम मला फार उपयोगी पडला. प्रोग्रॅम लिहिणारा एकदाच लिहितो. वाचणारे पुढची कित्येक वर्षं येत राहतात.

तो नियम शिकवणारे गुरुजन आज समोर बसले आहेत. त्यांना नमस्कार करून थांबतो.