बहुमताचा धर्म आणि समाजवाद्यांची माघार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील व्याख्यानाचा संक्षेप)

धर्माधिष्ठित राष्ट्रवादाचा विषय निघाला की आपल्याच देशातील प्रसंग डोळ्यांसमोर उभे राहतात आणि चर्चा तापते. म्हणून आज मी शेजारच्या श्रीलंकेचे उदाहरण घेणार आहे. त्यात आपल्याला स्वतःकडे अधिक शांतपणे पाहता येईल.

१९५६ हे वर्ष आठवा. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे झाल्याचा सोहळा तेव्हा होत होता. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपूरला डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. शतकानुशतके ज्यांचे माणूसपण नाकारले गेले, त्यांना येथे बुद्धाने माणूस म्हणून उभे केले. त्याच वर्षी त्याच बुद्धाच्या नावाने लंकेत निवडणूक लढवली गेली. सॉलोमन बंदरनायके यांनी चोवीस तासांत सिंहली ही एकमेव राजभाषा करण्याचे आश्वासन दिले. भिक्षूंनी त्यांचा प्रचार केला. जूनमध्ये कायदा झाला आणि तमिळ नागरिक स्वदेशात परके ठरले. तात्पर्य, दोष बुद्धाचा नव्हता. पीडितांनी आधार म्हणून धरलेला धर्म आणि बहुसंख्याकांनी राज्यसत्तेचा हक्क म्हणून पुढे केलेला धर्म, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

परंतु हा प्रचार इतका यशस्वी का झाला? इंग्रज गेले तरी कारभार इंग्रजीतच चालत होता आणि त्या भाषेच्या बळावर एक लहानसा वर्ग सर्व मोक्याच्या जागा अडवून बसला होता. अर्थव्यवस्था चहा, रबर आणि नारळ यांच्यावर तगलेली. मोफत शिक्षणामुळे खेड्यातील सिंहली मुलगा शिकला, पण नोकऱ्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. त्याचा राग खरा होता. मात्र मळ्यांची मालकी आणि उद्योगांची उभारणी हे अवघड प्रश्न बाजूला सारून त्याला सांगण्यात आले की, तुझी नोकरी जाफन्याच्या तमिळाने घेतली. रांगेतील माणसांचा क्रम बदलला, दुकानातील धान्य काही वाढले नाही. १९७१ साली बेकार सिंहली तरुणांनीच सिंहली राज्यकर्त्यांविरुद्ध बंड केले, ते यामुळेच.

खुद्द बंदरनायके यांना हा वाघ आवरला नाही. १९५७ साली त्यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला, पण भिक्षूंच्या दडपणाखाली तो १९५८ साली मोडावा लागला. १९५९ साली एका भिक्षूनेच त्यांचा खून केला.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. १९३५ साली स्थापन झालेला लंका सम समाज पक्ष हा तेथील समाजवाद्यांचा पक्ष. त्याचे नेते १९४२ साली ब्रिटिशांच्या तुरुंगातून निसटून भारतात आले आणि ‘चले जाव’ लढ्यात भूमिगत राहून वावरले. मळ्यांवरील भारतीय वंशाच्या तमिळ मजुरांचे नागरिकत्व १९४८ साली हिरावले गेले, तेव्हा हा पक्ष विरोधात उभा राहिला. १९५६ साली कॉल्विन डी सिल्व्हा यांनी संसदेत बजावले की, एका भाषेचा हट्ट धराल तर एका देशाचे दोन होतील.

पुढे निवडणुकीतील पराभवांनी धीर खचला. १९६४ साली पक्ष सिरिमाव्हो बंदरनायके यांच्या सरकारात सामील झाला. आधी सत्ता, मग समाजवाद, अल्पसंख्याकांचे नंतर पाहू, असा हिशेब होता. १९७२ सालच्या संविधानात बौद्ध धर्माला अग्रस्थान मिळाले आणि अल्पसंख्याकांना संरक्षण देणारे जुने कलम गळाले. ते संविधान घडविणारे मंत्री होते हेच कॉल्विन डी सिल्व्हा! मळ्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, हे खरे. पण १९७५ साली पक्ष सरकारातून बाहेर फेकला गेला आणि १९७७ साली त्याला एकही जागा मिळाली नाही. सिंहली मते मिळाली नाहीत आणि तमिळांचा विश्वासही गेला.

मग १९८१ साली जाफन्याचे ग्रंथालय जळाले, १९८३ साली तमिळांची कत्तल झाली आणि २००९ पर्यंत युद्ध चालले. १९८३ साली मी विद्यार्थी होतो. शेजारच्या घरातले भांडण वाचावे, तशा त्या बातम्या आम्ही वाचल्या.

२०१९ साली गोटाबाया राजपक्षे याच सिंहली-बौद्ध अभिमानावर निवडून आले. २०२२ साली देशाने परकीय कर्जाची फेड थांबवली आणि जुलैमध्ये अध्यक्ष देश सोडून पळाले. तेव्हा गॅस आणि रॉकेलच्या रांगांत सिंहली, तमिळ आणि मुसलमान एकत्र उभे होते.

मित्रहो, आपणही १९७७ साली जनसंघासह एका पक्षात गेलो. १९७९ साली दुहेरी सदस्यत्वाच्या वादात तो पक्ष फुटला. हुकूमशाही हटविण्याची ती निकड होती, हे मी नाकारत नाही. परंतु आपल्या प्रभावाने दुसरे बदलतील, ही आशाही आपण बाळगली होती. तिचा हिशेब आपण प्रामाणिकपणे मांडलेला नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच की, बेकार तरुणाच्या रागाची टिंगल करू नका, तो राग आपलाच विषय आहे. त्याच्यासोबत रोजगारासाठी, जमिनीसाठी, पाण्यासाठी लढा. पण त्याच्या मतासाठी शेजाऱ्याचा हक्क सोडू नका. निवडणुकीतील पराभवातून पक्ष पुन्हा उभा राहतो. सम समाज पक्षाने गमावलेला विश्वास मात्र त्याला परत मिळाला नाही.