कोणती शाई, कशासाठी?



दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिनची शाई परदेशी बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते आणि मिळायलाही सोपी. रंगांत रॉयल ब्ल्यू डोळ्यांना गोड. कपड्यावरचा डागही धुतल्यावर निघतो. पण पावसाचे चार थेंब पडले की अक्षरही जाते. ती वहीपुरती ठेवा. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी पाण्यात टिकणारी पक्की शाई घ्या. हिराकस व मायफळाची निळी-काळी शाई हवेने काळी होऊन कागदात मुरते. मात्र पेन वरचेवर धुवा. चित्रकलेची काळी इंडियन इंक पेनात भरू नका, पेन चोंदते.

सूरह अलकमध्ये कलमाने दिलेल्या इल्मचा उल्लेख आहे. पालकहो, बाटली स्वस्तातली चालेल. अर्जावरचे आपल्या मुलीचे नाव मात्र पुसले जाता कामा नये.