लाओसची तटस्थता : एका कराराची कहाणी

(बुद्धविहारातील व्याख्यानमालेत एका वकील बंधूंनी दिलेले भाषण)



मोठ्या राष्ट्रांच्या स्पर्धेचा विषय निघाला म्हणजे वॉशिंग्टन, मॉस्को आणि पेकिंग हीच नावे आपल्या कानांवर पडतात. त्या स्पर्धेची किंमत ज्यांनी मोजली, त्या लहान राष्ट्रांची नावे क्वचितच कोणी घेतो. आज मी अशाच एका राष्ट्राची हकीकत आपणांपुढे ठेवणार आहे. ते राष्ट्र म्हणजे लाओस. तेथील बहुसंख्य लोक बुद्धाचे अनुयायी आहेत आणि भातशेती हा त्यांचा मुख्य व्यवसाय आहे. म्हणून हा देश परका असला तरी आपणांस तो फार दूरचा वाटू नये.

लाओसला समुद्रकिनारा नाही. चीन, व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड आणि ब्रह्मदेश या पाच देशांच्या मध्ये तो वसलेला आहे. 1893 मध्ये तो फ्रेंचांच्या अंमलाखाली गेला आणि 1953 मध्ये स्वतंत्र झाला. परंतु स्वातंत्र्य हाती येताच घरात तीन पक्ष उभे राहिले. तटस्थ पक्षाचे पुढारी राजपुत्र सुवन्ना फूमा, तर डाव्या पाथेट लाओचे पुढारी त्यांचेच सावत्र बंधू राजपुत्र सुफानुवाँग. उजव्या पक्षाची सूत्रे सेनापती फूमी नोसावन यांच्या हाती होती. फूमींना अमेरिकेकडून पैसा व शस्त्रे मिळत. 1960 च्या अखेरीस रशियाची विमाने दुसऱ्या बाजूस शस्त्रे पुरवू लागली. पाथेट लाओच्या पाठीशी उत्तर व्हिएतनामचे सैन्य होतेच. भावाभावांचा तंटा अशा रीतीने जगाचा तंटा झाला.

जून 1961 मध्ये केनेडी आणि क्रुश्चेव व्हिएन्ना येथे भेटले. पुष्कळ प्रश्नांवर त्यांचे जमले नाही. पण लाओस तटस्थ असावा, एवढ्यावर त्यांचे एकमत झाले. त्यानंतर 23 जुलै 1962 रोजी जिनिव्हा येथे लाओसच्या तटस्थतेच्या करारावर सह्या झाल्या. त्यात अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स यांच्यासह लाओस धरून चौदा राष्ट्रे होती. आपला भारतही त्यांत होता. करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाचे अध्यक्षपद भारताकडे होते. कॅनडा आणि पोलंड हे दुसरे दोन सभासद होते.

माझा व्यवसाय वकिलीचा असल्यामुळे हा करार मी त्या नजरेने वाचतो. त्याची भाषा निर्दोष आहे. लाओसच्या कारभारात कोणी ढवळाढवळ करू नये, कोणी तेथे सैन्य ठेवू नये, लाओसने कोणत्याही लष्करी गटात सामील होऊ नये, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. मग उणीव कोठे राहिली? उणीव अंमलबजावणीत राहिली. देखरेख मंडळापाशी स्वतःचे बळ नव्हते आणि पाथेट लाओच्या ताब्यातील मुलखात त्यास मोकळेपणी जाता येत नव्हते. परकीय सैन्याने ठरलेल्या नाक्यांवरून मोजणी करून बाहेर पडावयाचे होते. अमेरिकेचे 666 लष्करी लोक त्या वाटेने गेले. उत्तर व्हिएतनामचे हजारो सैनिक देशात असता नाक्यावर मोजले गेले अवघे 40.

पुढे काय झाले, ते न्यायालयात नित्य पाहावयास मिळते. एकाने करार मोडला, म्हणून तो मोडण्याचा आपणांसही अधिकार आहे, असे दुसरा म्हणू लागला. दक्षिण व्हिएतनामकडे जाणारा उत्तर व्हिएतनामचा रसदमार्ग लाओसच्या जंगलांतून जात होता. तो तोडण्यासाठी आणि पाथेट लाओला रोखण्यासाठी 1964 पासून 1973 पर्यंत अमेरिकेने लाओसवर बॉम्बफेक केली. विमानांच्या सुमारे 5,80,000 फेऱ्या झाल्या आणि 20 लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले गेले. देशाची लोकसंख्या त्या काळी तीस लाखांच्याही आत होती. हे युद्ध अमेरिकेच्या जनतेपासूनही पुष्कळ काळ लपविण्यात आले. करार रद्द झाल्याचे कोणीही जाहीर केले नाही. कागदावर लाओस तटस्थच राहिला!

दोन रेड्यांची झुंज लागली की शिवारातील उभे पीक तुडवले जाते, हे शेतात राबलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. रांजणांच्या पठारावरील शेतकरी वर्षानुवर्षे गुहांत राहिले आणि रात्रीच्या अंधारात शेती करीत राहिले. डोंगरातील ह्माँग ही अल्पसंख्य जमात. तिच्यातील पुष्कळ तरुणांना अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने शस्त्रे देऊन लढाईस उभे केले. 1975 मध्ये पाथेट लाओची सत्ता आली, तेव्हा त्यांच्या मोजक्या पुढाऱ्यांना विमानाने बाहेर नेण्यात आले आणि बाकीचे मागे राहिले. हजारो कुटुंबे मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत गेली. दुर्बळ समाजाला परक्याच्या लढाईत पुढे करावयाचे आणि काम संपताच सोडून द्यावयाचे, ही रीत आपणांस नवी नाही.

युद्ध संपले, पण बॉम्ब संपले नाहीत. सुमारे 27 कोटी छोटे गोळे टाकण्यात आले. त्यांपैकी सुमारे 8 कोटी फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे. लिंबाएवढ्या या गोळ्यांना तेथील लोक 'बाँबी' म्हणतात. नांगराचा फाळ लागून किंवा मुलाने चेंडू समजून उचलल्यामुळे ते फुटतात. युद्धानंतर अशा रीतीने सुमारे 20,000 माणसे मेली अथवा जखमी झाली.

तरीही लाओसची कहाणी केवळ दुःखाची नाही. अशा बॉम्बवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार 2008 मध्ये झाला, तेव्हा लाओस त्याच्या पुरस्कर्त्यांत अग्रभागी होता. 2010 मध्ये त्या कराराच्या सभासद राष्ट्रांची पहिली परिषद लाओसची राजधानी व्हिएन्तियान येथेच भरली. शंभराहून अधिक राष्ट्रे त्यात सामील झाली. अमेरिका, रशिया आणि चीन मात्र झाले नाहीत. आणि खेदाने सांगावे लागते की, भारतही झालेला नाही. 2016 मध्ये अध्यक्ष ओबामा लाओसमध्ये आले आणि बॉम्ब काढण्यासाठी तीन वर्षांत 9 कोटी डॉलर देण्याचे त्यांनी जाहीर केले. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने पुरावा जपून ठेवला आणि मागणी सोडली नाही, म्हणजे बलाढ्यालाही उत्तर द्यावे लागते.

स्पर्धा आजही थांबलेली नाही. तिचे रूप पालटले आहे. डिसेंबर 2021 मध्ये चीनच्या सीमेपासून व्हिएन्तियानपर्यंत 414 किलोमीटर लांबीचा लोहमार्ग सुरू झाला. त्या कंपनीत चीनचा वाटा 70 टक्के आहे. लोहमार्गाने लोकांची सोय झाली, हे खरे. पण लाओसच्या परकीय कर्जाचा सुमारे निम्मा भाग आज एकट्या चीनचा आहे. सावकाराच्या वहीत ज्याचा अंगठा अडकला, त्याचा शब्द पंचायतीत किती चालतो, हे आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे.

बंधुभगिनींनो, यावरून तीन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. घर दुभंगले की परक्याला दार उघडे मिळते. हक्क कागदावर लिहून मिळाला, तरी तो बजावून देणारी यंत्रणा नसेल तर तो हक्क पोकळ ठरतो. आणि दुर्बळांनी कायद्याची कास सोडता कामा नये, कारण बळवंताचे कायद्यावाचून अडत नाही, दुर्बळाचे अडते. आपल्या राज्यघटनेने दिलेल्या प्रत्येक हक्काविषयी हाच प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी : हा बजावून देणारा कोण, आणि तो बजावीत नसेल तर दाद कोठे मागावयाची? एवढे सांगून मी आपली रजा घेतो.

जय भीम!