लंडनची मोफत संग्रहालये: एक दिवस, एकच परिसर

लेकीकडे किंवा मुलाकडे लंडनला निघालात?
मग एक दिवस संग्रहालयांसाठी राखून ठेवा.

तिथल्या मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांत
कायमची दालने पाहायला तिकीट नाही.
2001 पासून ही सोय सर्वांना आहे.
पैसे पडतात ते काही खास प्रदर्शनांना.

पण शहरभर धावू नका.
एक दिवस, एकच परिसर.

साउथ केन्सिंग्टन स्टेशनवर उतरा.
तिथे तीन संग्रहालये शेजारीशेजारी आहेत.

सकाळी दहाला नॅचरल हिस्टरी म्युझियम गाठा.
मुख्य दालनात छताला निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगला आहे.
जबडा उघडा आहे. आत्ता सूर मारेल असे वाटते.
जिन्याने वर जा.
सांगाडा जवळून दिसेल.

दुपारी, रस्त्यापलीकडे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम.
2024 मध्ये साताऱ्यात आलेली वाघनखे याच संग्रहालयाची.
इथे रोमच्या ट्राजन स्तंभाची प्लास्टरची प्रतिकृती पाहा.
ती दालनात मावेना,
म्हणून दोन तुकड्यांत उभी केली आहे.

पायांत बळ उरले, तर सायन्स म्युझियम.
चंद्राला प्रदक्षिणा घालून आलेले अपोलो 10 चे यान तिथे आहे.
नाही जमले, तर दुसऱ्या दिवशी जा.
प्रवेश मोफत आहे, पुन्हा जाता येते.

निघण्यापूर्वी एक काम करा.
नॅचरल हिस्टरी आणि सायन्स म्युझियमच्या संकेतस्थळांवर प्रवेशाची वेळ मोफत नोंदवा.
गर्दीच्या दिवशी रांग वाचेल.

तेव्हा लक्षात ठेवा,
एक दिवस, एकच परिसर.
आणि निवांत पाहा.